लेखणीचा मोबदला : अठराव्या शतकातील लंडनमध्ये लेखक व ग्रंथविक्रेता यांच्यातील आर्थिक व्यवहार (डॉ. सॅम्युएल जॉन्सन याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९-१७८४) हे नाव मराठी वाचकाला एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहे. त्याच्या 'रासेलस' या कथेचे भाषांतर कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या चिपळूणकर पितापुत्रांच्या हातून मराठीत उतरले. पुढे विष्णुशास्त्र्यांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'त जॉन्सनचे विस्तृत चरित्र लिहिले. केवळ लेखणीच्या बळावर दारिद्र्यातून वर आलेल्या या ग्रंथकाराविषयी विष्णुशास्त्र्यांना आदर वाटावा, हे स्वाभाविकच होते. १८७९ मध्ये त्यांनी स्वतःही सरकारी नोकरीचा त्याग केला आणि लेखनाबरोबर छापखाना व ग्रंथविक्री या उद्योगांत लक्ष घातले. तथापि जॉन्सनची विद्वत्ता, त्याचा विक्षिप्तपणा व बाणेदारपणा यांची जितकी चर्चा मराठीत झाली, तितकी त्याच्या हिशेबाची झालेली नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात जॉन्सनने ७ फेब्रुवारी १७५५ रोजी लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख नेहमी येतो. कोशाचे काम चालू असताना सात वर्षे ढुंकूनही न पाहणाऱ्या आणि ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या बेतात असताना स्तुतिपर लेख लिहिणाऱ्या या उमरावाला जॉन्सनने परखड उत्तर दिले. या पत्राने सरदारी आश्रयाचे युग संपले आणि लेखक स्वतंत्र झाला, अशी मांडणी केली जाते. ही मांडणी चुकीची नाही, परंतु ती अर्धीच आहे. आश्रयदाता गेला तेव्हा त्याच्या जागी ग्रंथविक्रेता आला. त्याच्याशी बोली कशी होत असे, पैसे केव्हा मिळत, विलंब झाल्यास तोटा कोणाचा आणि ग्रंथ खपल्यास नफा कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या स्वातंत्र्याची किंमत कळत नाही. कोणाच्याही नोकरीत नसलेल्या, मिळेल ते काम मोबदल्यावर करणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने मोबदला किती याहून तो कशाचा आणि कोणत्या वेळी हे अधिक निर्णायक ठरते, असे जॉन्सनच्या व्यवहारांवरून दिसते. त्या व्यवहारांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सुदैवाने जॉन्सनची पत्रे आणि बॉस्वेल, मर्फी, मलोन आदी समकालीनांनी नोंदवलेले तपशील यांमुळे असा विचार करणे शक्य होते.

ग्रंथविक्रेता आणि हक्काची खरेदी

अठराव्या शतकातील लंडनमध्ये 'ग्रंथविक्रेता' या शब्दाने केवळ दुकानदाराचा बोध होत नसे. हस्तलिखित विकत घेणारा, त्यावर भांडवल घालणारा, मुद्रकाकडून ते छापून घेणारा आणि घाऊक व किरकोळ विक्री करणारा असा तो एकाच वेळी सर्व काही होता. आजच्या भाषेत त्याला प्रकाशक म्हणावे लागेल. मोठ्या ग्रंथासाठी अनेक विक्रेते भागीदारी करीत आणि एकेका ग्रंथाच्या हक्काचे लहान लहान हिस्से आपसांत लिलावाने विकत. लेखकाला मात्र या हिश्श्यांत बहुधा स्थान नसे. तो आपली 'कॉपी', म्हणजे हस्तलिखित आणि त्याबरोबर छापण्याचा हक्क, ठोक रकमेला विकून मोकळा होई. दर प्रतीमागे ठरावीक टक्के देण्याची आज रूढ असलेली पद्धत तेव्हा प्रचारात नव्हती.

१७१० च्या ॲन राणीच्या कायद्याने नव्या ग्रंथाचा हक्क चौदा वर्षांपुरता लेखकाला दिला. लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षांची मुदत मिळे. कायद्यात लेखकाचे नाव प्रथमच आले, ही गोष्ट महत्त्वाची होय. परंतु ज्याला घरभाडे द्यावयाचे आहे तो हा हक्क सांभाळून ठेवू शकत नव्हता. हक्क मिळाला तो विकण्यापुरताच, असे म्हणावे लागते. मिल्टनने १६६७ मध्ये 'पॅराडाइज लॉस्ट' विकले तेव्हा त्याला हाती ५ पौंड मिळाले आणि पहिल्या आवृत्तीच्या १३०० प्रती खपल्यावर आणखी ५ पौंड मिळावयाचे होते. या करारात निदान खपाशी जोडलेला हप्ता होता. अठराव्या शतकातील साधारण लेखकाच्या वाट्याला तोही क्वचितच आला.

पौंडाऐवजी गिनीत बोलणी करण्याची प्रथाही येथे लक्षात घेतली पाहिजे. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, अर्थात एक पौंड एक शिलिंग. वकील, वैद्य, चित्रकार यांचे मानधन गिनीत मोजले जाई, कारागिराची मजुरी शिलिंगात. लेखकाला गिनी देऊ केली म्हणजे त्याची गणना सभ्य गृहस्थांत झाली. प्रत्यक्षात काम मात्र पुष्कळदा मजुरासारखे, ओळी आणि फर्मे मोजून घेतले जाई.

ओळींचा भाव

जॉन्सन हा लिचफील्ड येथील एका कर्जबाजारी ग्रंथविक्रेत्याचा मुलगा. या धंद्याची दुसरी बाजू त्याने बालपणीच पाहिली होती. त्याचे पहिले पुस्तक, फादर लोबोच्या ॲबिसिनियाच्या प्रवासाचे भाषांतर, १७३५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याबद्दल बर्मिंगहॅमच्या विक्रेत्याने त्याला पाच गिनी दिल्या. १७३७ मध्ये तो लंडनला आला. राजधानीत वर्षाला तीस पौंडांत माणूस लाज न गमावता राहू शकतो, असा हिशेब त्याला एका आयरिश चित्रकाराने सांगितला होता. पुढील सर्व रकमा याच मापाने मोजून पाहाव्यात.

लंडनमध्ये त्याला आधार मिळाला तो एडवर्ड केव्हचा. केव्हने १७३१ मध्ये 'जंटलमन्स मॅगझिन' हे मासिक सुरू केले होते आणि क्लार्कनवेल येथील सेंट जॉन्स गेट या जुन्या वेशीत त्याचे कार्यालय होते. भाषांतरे, लहान चरित्रे, पद्ये, वाचकांच्या पत्रांची छाटणी अशी सर्व प्रकारची कामे जॉन्सनने तेथे केली. पार्लमेंटच्या कामकाजाचा वृत्तांत छापण्यास मनाई झाल्यामुळे तो 'लिलिपुटच्या सभे'चा वृत्तांत म्हणून छापला जाई. त्यांतील अनेक भाषणे जॉन्सनने सभागृहात न जाता, तुटपुंज्या टिपणांवरून रचली. केव्हविषयी त्याला जिव्हाळा होता, पण पैशाच्या बाबतीत तो चिकट असल्याचे त्याने स्पष्ट म्हटले आहे. केव्ह ओळींचा सौदा शेकड्याने करी आणि शेकडा मात्र एकशेवीसचा धरी! घाऊक बाजारात मोठ्या शेकड्याची जी पद्धत काही मालाला लागू होती, तीच येथे पद्याच्या ओळींना लागू झाली.

या काळातील एक हिशेब उपलब्ध आहे. सार्पी याच्या ट्रेंट परिषदेच्या इतिहासाचे भाषांतर करण्याचे काम जॉन्सनने घेतले. २ ऑगस्ट १७३८ ते २१ एप्रिल १७३९ या अवधीत केव्हने त्याला थोडे थोडे करून एकूण ४९ पौंड ७ शिलिंग दिले. ते काम पुढे सोडून द्यावे लागले, कारण सॅम्युएल जॉन्सन याच नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाने त्याच ग्रंथाचे भाषांतर जाहीर केले होते. योगायोगाचा हा भाग गमतीचा असला तरी रक्कम देण्याची पद्धत गंभीरपणे पाहण्यासारखी आहे. एकरकमी मोबदला नाही, दरमहा वेतन नाही. लागेल तशी उचल घ्यायची आणि ती कामातून फेडायची. अशा व्यवहारात लेखक नेहमी देणेकरी असतो आणि देणेकऱ्याला भाव वाढवून मागता येत नाही. त्याच सुमाराच्या केव्हला लिहिलेल्या एका पत्राखाली जॉन्सनने सहीबरोबर 'जेवण न झालेला' या अर्थाचा लॅटिन शब्द लिहिला आहे.

'लंडन' या कवितेचा व्यवहार मात्र वेगळ्या प्रकारे झाला. १७३८ मध्ये ही कविता केव्हकडे पाठवताना जॉन्सनने ती आपली आहे असे सांगितले नाही. परिस्थितीने गांजलेल्या दुसऱ्या कोणा लेखकाची म्हणून ती पुढे केली. स्वतःच्या मालाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगण्यापेक्षा त्रयस्थाचा वकील होणे सोपे असते. अखेर रॉबर्ट डॉड्स्ली या विक्रेत्याने ती दहा गिनींना घेतली. हा आकडा कसा ठरला, हे जॉन्सनने बॉस्वेलला सांगितले आहे. कदाचित आपण कमीही घेतले असते, परंतु पॉल व्हाइटहेडला नुकत्याच एका कवितेबद्दल दहा गिनी मिळाल्या होत्या आणि त्याच्याहून कमी घेण्यास आपण तयार नव्हतो, असा त्या सांगण्याचा आशय आहे. कवितेला किती दिवस लागले अथवा ती किती खपेल, यांपैकी कशाचाही विचार येथे झालेला नाही. समव्यवसायी माणसाला काय मिळाले, एवढेच माप हाताशी होते. लेखकांची कोणतीही संघटना नसलेल्या काळात भाव असाच कर्णोपकर्णी ठरत असे.

१७४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड सॅव्हेजच्या चरित्राबद्दल केव्हने पंधरा गिनी दिल्या. हे चरित्र लिहिताना छापील अठ्ठेचाळीस पृष्ठे आपण एका बैठकीत, रात्र जागून लिहिली, असे जॉन्सन सांगे. ही त्याची फुशारकी म्हणून वाचण्यापेक्षा अर्थशास्त्र म्हणून वाचणे अधिक योग्य होय. मजकुराचा भाव ठरलेला असला की वेग हाच लेखकाचा एकमेव नफा उरतो.

कोशाचा करार : नऊ वर्षांची किंमत

१८ जून १७४६ रोजी इंग्रजी भाषेच्या कोशाचा करार झाला. डॉड्स्ली, अँड्र्यू मिलर, चार्ल्स हिच, लाँगमन आणि नॅप्टन हे विक्रेते त्यात भागीदार होते. रक्कम ठरली १५०० गिनी, म्हणजे १५७५ पौंड. तोपर्यंत ओळींवर आणि पानांवर जगणाऱ्या माणसाला हा आकडा प्रचंड वाटला असला पाहिजे. काम तीन वर्षांत पूर्ण होईल, असा जॉन्सनचा अंदाज होता.

करारातील खरी मेख वेगळीच होती. लेखनिकांचा पगार, कामाची जागा व अन्य खर्च जॉन्सननेच सोसावयाचा होता. फ्लीट स्ट्रीटजवळच्या गॉफ स्क्वेअरमध्ये त्याने घर भाड्याने घेतले आणि माडीवर सहा लेखनिक बसवले. काम तीन वर्षांत संपले असते तर वर्षाला ५२५ पौंड पडले असते. प्रत्यक्षात ग्रंथ १५ एप्रिल १७५५ रोजी, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षांनी बाहेर आला आणि तीच रक्कम वर्षाला १७५ पौंडांवर आली. तीतून लेखनिकांचा पगार व भाडे वजा जाता काय उरले असेल, याची कल्पना करता येते. ठोक रकमेच्या करारात विलंबाचा सर्व भार लेखकावर पडतो. विक्रेत्याचे भांडवल अडकते हे खरे, पण त्याची मूळ खरेदी महाग होत नाही. या कामाला किती काळ लागेल हे १७४६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही किंमत त्याच दिवशी ठरली.

भागीदारांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. पैसे हप्त्याहप्त्याने मुद्रक विल्यम स्ट्राहन याच्यामार्फत जात होते आणि छापण्याजोगा मजकूर येत नव्हता. १७५१ मध्ये त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी स्ट्राहनकरवी जॉन्सनला निर्वाणीचा निरोप पाठवला. १ नोव्हेंबर १७५१ चे जॉन्सनचे उत्तर उपलब्ध आहे. पहिला खंड छपाईला जाईपर्यंत आपण भागीदार महाशयांना भेटणार नाही आणि निरोपातील अट त्यांनी मागे घ्यावी की न घ्यावी यावर त्या छपाईची गती अवलंबून राहील, असे त्याने कळवले. चेस्टरफील्डच्या पत्राइतके हे पत्र प्रसिद्ध नाही. वस्तुतः व्यवसायी लेखकाच्या इतिहासात त्याचे मोल अधिक मानावे लागेल. उमरावाला खडे बोल सुनावताना जॉन्सनला गमवावयाचे काहीच नव्हते. चेस्टरफील्डने त्याला एकूण दहा पौंड दिले होते. उलट भागीदार त्याचे अन्नदाते होते आणि त्यांना दिलेल्या उत्तरामागे त्याच्याजवळ एकच बळ होते, ते म्हणजे अर्धवट झालेले काम दुसऱ्या कोणाच्याही हातून पुरे होण्यासारखे नव्हते.

शेवटचा मजकूर हाती पडल्यावर मिलरने, एकदाची या माणसापासून सुटका झाली, म्हणून देवाचे आभार मानले. त्यावर जॉन्सनने केलेली मिस्कील टिप्पणी बॉस्वेलमुळे सर्वश्रुत झाली आहे. आर्थर मर्फीने दिलेली हकीकत मात्र कमी विनोदी आहे. भागीदारांनी दिलेल्या भोजनाच्या वेळी पावत्या पुढे ठेवण्यात आल्या, तेव्हा जॉन्सनने ठरलेल्या रकमेपेक्षा शंभराहून अधिक पौंड आधीच उचलले असल्याचे दिसून आले. म्हणजे ज्या दिवशी तो इंग्लंडचा कोशकार म्हणून मान्यता पावला, त्या दिवशी त्याला घेणे काहीच नव्हते. दोन मोठ्या खंडांच्या संचाची किंमत साडेचार पौंड होती आणि २००० प्रती छापण्यात आल्या होत्या. पुढील आवृत्त्यांच्या उत्पन्नावर त्याचा हक्क नव्हता.

याचा परिणाम वर्षभरातच दिसला. मार्च १७५६ मध्ये ५ पौंड १८ शिलिंगांच्या देण्यासाठी जॉन्सनला अटक झाली. त्याने कादंबरीकार व मुद्रक सॅम्युएल रिचर्डसनला चिठ्ठी पाठवली आणि रिचर्डसनने सहा गिनी पाठवून त्याला सोडवले. 

कोशाच्या काळात घर चालले ते अन्य लेखनावर. 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' या कवितेचे १७४९ मध्ये पंधरा गिनी आले. त्याच वर्षी 'आयरीन' हे नाटक नऊ रात्री चालले. दर तिसऱ्या रात्रीचे उत्पन्न नाटककाराला देण्याच्या रिवाजामुळे १९५ पौंड १७ शिलिंग मिळाले आणि छापण्याच्या हक्काचे वेगळे १०० पौंड आले. जॉन्सनच्या सर्व कृतींत जी कलादृष्ट्या सामान्य मानली जाते, तिने दिवसांच्या मानाने सर्वाधिक पैसा दिला. याचे कारण तिच्या गुणांत नाही. नाटकात लेखकाचा मोबदला तिकीटविक्रीशी जोडलेला होता, हे त्याचे कारण होय. मार्च १७५० ते मार्च १७५२ या काळात आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या 'रॅम्बलर'च्या २०८ अंकांसाठी त्याला प्रत्येकी दोन गिनी मिळत. अंक पाचशेहून कमी खपे. तरीही दर आठवड्याला चार गिनी हाती येत आणि कामाची मर्यादा ठाऊक असे. जॉन्सनने केलेल्या सर्व बोलींत ही सर्वांत समंजस होती असे म्हणता येईल.

सोमवार रात्रीचे तीस पौंड

जानेवारी १७५९ मध्ये लिचफील्डला जॉन्सनची वृद्ध आई मृत्युशय्येवर होती. तिला पाठवण्यासाठी पैसे हवे होते. एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून त्याने 'रासेलस' लिहिली. आईच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी ही कथा लिहिली गेली, असे सांगण्याचा प्रघात आहे. पण २० जानेवारीला त्याने स्ट्राहनला पत्र लिहिले, तेव्हा तिच्या मृत्यूची वार्ता त्याच्यापर्यंत आलेली नव्हती. भावनेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या पत्राचे महत्त्व निराळे आहे.

पत्रात जॉन्सनने विक्रीचे तीन पर्याय मांडले आहेत. पहिला, पूर्वी एका विक्रेत्याशी झालेल्या बोलीप्रमाणे खंडास पंचाहत्तर, आणि दुसरी आवृत्ती निघाल्यास पंचवीस पौंड. दुसरा, साठ पौंड घ्यावयाचे, पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती छापावयाच्या हे विक्रेत्याने ठरवावयाचे आणि त्यानंतर मालकी लेखकाकडे परत यावयाची. तिसरा, चाळीस पौंड घेऊन हक्काचा अर्धा हिस्सा लेखकाने स्वतःकडे ठेवावयाचा आणि नफा वाटून घ्यावयाचा. ग्रंथविक्रेत्याच्या या मुलाला हक्क म्हणजे काय, आवृत्ती म्हणजे काय आणि आज कमी घेऊन उद्याचा वाटा राखणे म्हणजे काय, हे पूर्णपणे कळत होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणार नाही. लेखकाला व्यवहार समजत नाही म्हणून तो नागवला जातो, ही लोकप्रिय समजूत निदान जॉन्सनच्या बाबतीत टिकत नाही.

परंतु त्याच पत्रात पुढे एक वाक्य आहे. सोमवारी रात्री आपण पुस्तक हाती देऊ आणि त्या वेळी आपल्याला तीस पौंडांची गरज आहे, ते मिळवून द्यावेत, अशी विनंती त्यात केली आहे. तीन पर्यायांची सर्व ताकद या एका वाक्याने काढून घेतली. ज्याला सोमवारी पैसे हवेत, तो चाळीस पौंड व अर्धा हिस्सा हा पर्याय निवडू शकत नाही. झालेही तसेच. स्ट्राहन, जॉन्स्टन व डॉड्स्ली यांनी १०० पौंडांना हस्तलिखित घेतले आणि दुसरी आवृत्ती निघाल्यावर आणखी २५ पौंड दिले. एप्रिलमध्ये पुस्तक दोन लहान खंडांत प्रसिद्ध झाले आणि दुसरी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. जॉन्सनच्या हयातीत ते पुनःपुन्हा छापले गेले, परभाषांत गेले, पुढच्या शतकात मराठीतही आले. लेखकाचा हिशेब १२५ पौंडांवर बंद झाला होता.

विक्रेत्यांनी येथे लबाडी केली असे दिसत नाही. स्ट्राहन हा जॉन्सनचा स्नेही होता आणि १०० पौंड ही त्या काळच्या मानाने वाईट किंमत नव्हती. भाव पाडला तो निकडीने. जेम्स राल्फने १७५८ मध्ये, म्हणजे आदल्याच वर्षी, धंदेवाईक लेखकांची कैफियत मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यात ग्रंथविक्रेत्यांवर आणि नाट्यगृहाच्या चालकांवर कडक आरोप आहेत. राल्फचा संताप समजण्यासारखा असला तरी दोष माणसांत शोधण्याच्या ओघात रोकड केव्हा हाती पडते या साध्या बाबीकडे त्याचे पुरेसे लक्ष गेले नाही.

अशाच निकडीचा दुसरा प्रसंग ऑलिव्हर गोल्डस्मिथचा आहे. भाडे थकल्यामुळे घरमालकिणीने त्याला अडकवून ठेवले. त्याने निरोप पाठवताच जॉन्सनने आधी एक गिनी पाठवली आणि मागाहून स्वतः गेला. तोपर्यंत त्या गिनीची मदिरा येऊन टेबलावर बसली होती. जॉन्सनने बाटलीला बूच लावले, घरात काही विकण्याजोगे आहे का ते विचारले आणि एका कादंबरीचे हस्तलिखित घेऊन बाहेर पडला. ते त्याने साठ पौंडांना विकले. ती कादंबरी म्हणजे 'द व्हिकार ऑफ वेकफील्ड'. विक्रेत्याने ती बराच काळ तशीच ठेवली आणि गोल्डस्मिथचे नाव झाल्यावर १७६६ मध्ये छापली. साठ पौंड ही किंमत त्या वेळच्या प्रसिद्धीच्या मानाने रास्तच होती, असे जॉन्सनचे मत होते. गोल्डस्मिथच्या हातात पुढे शेकडो गिनी खेळल्या. निसर्गेतिहासाच्या आठ खंडांचा करार खंडास शंभर गिनी या दराने झाला होता. पण पैसा नेहमी पुढच्या पुस्तकाचा असे आणि खर्च मागच्या वर्षाचा. १७७४ मध्ये तो मरण पावला तेव्हा सुमारे दोन हजार पौंडांचे कर्ज मागे होते.

वर्गणी आणि निवृत्तिवेतन

विक्रेत्याला टाळून थेट वाचकाकडे जाण्याचा एक मार्ग होता, तो म्हणजे वर्गणीदार मिळवणे. पोपने 'इलियड'चे भाषांतर (१७१५-१७२०) याच मार्गाने काढले. सहा खंडांना सहा गिनी, ५७५ वर्गणीदार, शिवाय लिंटॉट या विक्रेत्याकडून दर खंडास २०० गिनी, अशी व्यवस्था होती आणि पोपला जवळजवळ पाच हजार पौंड मिळाले. जॉन्सनने १७५६ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी तोच मार्ग धरला. दोन गिनींपैकी एक आगाऊ आणि दुसरी ग्रंथ मिळाल्यावर, अशी वर्गणी होती. ग्रंथ १७५७ अखेर द्यावयाचा होता, तो आठ खंडांत १७६५ मध्ये निघाला. दरम्यान चर्चिल या कवीने, वर्गणी घेऊन पुस्तक न देणारा म्हणून त्याची जाहीर टर उडवली. वर्गणीदारांची यादी का छापली नाही, असे विचारता जॉन्सनने दोन कारणे दिली. एक तर नावे हरवली होती, दुसरे म्हणजे पैसे खर्च झाले होते. पोपजवळ वर्गणी जमा होईपर्यंत थांबण्याचे सामर्थ्य होते. जॉन्सनच्या हाती आलेली प्रत्येक गिनी आदल्या दिवसाच्या देण्यात जात होती. एकच पद्धत एकाला भांडवल देते आणि दुसऱ्याला कर्ज, हे येथे स्पष्ट दिसते.

जुलै १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या सरकारने जॉन्सनला वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. कोशात 'पेन्शन' या शब्दाची त्याने केलेली कुचेष्टापूर्ण व्याख्या विरोधकांनी लगेच त्याच्यापुढे धरली. तत्त्वाच्या दृष्टीने हा प्रसंग अडचणीचा आहे, यात शंका नाही. पण आकड्यांकडे पाहिले असता असे दिसते की, कोशाच्या नऊ वर्षांत खर्चासह वर्षाला १७५ पौंड मिळवणाऱ्या माणसाला आता काहीही न लिहिता ३०० पौंड मिळणार होते. चेस्टरफील्डला नाकारणाऱ्या लेखकाला अखेर राजाश्रयानेच सावरले. बाजाराने त्याला कीर्ती दिली, स्वास्थ्य दिले नाही.

कवींची चरित्रे : निकड नसलेल्या माणसाची बोली

१७७४ मध्ये डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, प्रसिद्ध ग्रंथावरील हक्क कायद्यातील मुदतीनंतर संपतो, तो कायमचा नसतो. लंडनच्या विक्रेत्यांनी जुन्या कवींचे हक्क शाश्वत समजून मोठ्या किमतींना घेतले होते. ते आता कोणालाही छापता येऊ लागले आणि एडिंबरोमध्ये छापलेली जॉन बेल याची स्वस्त कविमाला बाजारात येण्याच्या बेतात होती. तिला तोंड देण्यासाठी सुमारे चाळीस विक्रेते एकत्र आले. हक्काचे संरक्षण गेले तेव्हा त्यांना नावाचे संरक्षण हवे होते, आणि ते नाव जॉन्सनचे होते. १७७७ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी डेव्हिस, स्ट्राहन व कॅडेल हे तिघे त्याच्याकडे आले आणि प्रत्येक कवीच्या काव्यापूर्वी एक लहान चरित्रात्मक प्रस्तावना लिहिण्याची विनंती त्यांनी केली. किंमत त्यानेच सांगावी, असे ते म्हणाले. त्याने दोनशे गिनी सांगितल्या.

एडमंड मलोनने नोंदवले आहे की, जॉन्सनने हजार किंवा दीड हजार गिनी मागितल्या असत्या तरी विक्रेत्यांनी त्या निःसंशय दिल्या असत्या. या वेळी सोमवारचे तीस पौंड नव्हते, निवृत्तिवेतन चालू होते आणि गरज विक्रेत्यांना होती. मग इतकी कमी रक्कम का? एक कारण असे की, काम काही पानांच्या टिपणांचे आहे, असे त्याला वाटले. १७४६ प्रमाणेच येथेही कामाचा आवाका ठरण्यापूर्वी किंमत ठरली आणि टिपणांची बावन्न चरित्रे झाली. ती १७७९ व १७८१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरे कारण स्वभावाचे असावे. ग्रंथविक्रेते उदार मनाचे असतात, असे तो नेहमी म्हणे आणि मिलरने वाङ्मयाचा भाव वाढवला म्हणून त्याच्याविषयी आदर व्यक्त करी. धंद्यातील माणसांशी धंद्याच्या भाषेत बोलणे त्याला कमीपणाचे वाटत नव्हते, पण निकड संपल्यावर घासाघीस करण्याची इच्छाही उरली नव्हती.

विक्रेत्यांनी काम वाढल्याचे पाहून आपण होऊन शंभर गिनी अधिक दिल्या आणि चरित्रे स्वतंत्रपणे निघाली तेव्हा आणखी शंभर. मलोनच्या अंदाजानुसार पुढील पंचवीस वर्षांत त्यांनी या ग्रंथावर पाच हजार गिनींच्या आसपास मिळवले. मित्रांनी ही रक्कम तुटपुंजी असल्याचे बोलून दाखवले, तेव्हा जॉन्सनने विक्रेत्यांना दोष दिला नाही. त्यांनी आपल्याला कमी दिलेले नाही, आपणच ठरल्याहून जास्त लिहिले, असे त्याचे म्हणणे होते.